गाळलेली ओवी

१७ डिसेंबर, बुधवार

खोटं बोलले. सरळ लेकीच्या तोंडावर!

सगळं क्रमानं लिहिते. म्हणजे मनाला पळवाट राहायची नाही.

स्नेहलला कॉलेजात मराठीच्या प्रणिता मॅडमनी काम दिलंय. आपल्या गावातलं एक श्रमगीत मिळवायचं, म्हणजे कष्टाची कामं करताना बाया म्हणतात तसलं गाणं, आणि त्याचं रसग्रहण लिहायचं. आशय, भाषा, रचना. वीस मार्क. ती सकाळी साडेसहाच्या एसटीनं श्रीगोंद्याला जाते. परत यायला चार, रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर लागले तर पाच. मला म्हणाली, "आई, छबूमावशी कांदा लावताना म्हणते ना, ते गाणं तू लिहून आण. तुझं अक्षर चांगलं आहे. आणि सगळं आण हं. जसंच्या तसं."

आमच्या दीड एकरात सध्या कांद्याची लागवड चाललीय. सहा बाया आहेत. छबूबाई त्यातली सगळ्यात जुनी, बावीस वर्षं येते आमच्याकडं. भाकरीच्या सुट्टीआधी वही-पेन्सिल घेऊन बांधावर जाऊन बसले. वाफ्यात पाणी सोडलेलं, घोट्याइतका चिखल, बाया ओणव्या. गारठा असा की मला शाल घेऊनही हुडहुडी भरत होती. छबूला म्हटलं, "म्हण गं तुझं ते गाणं. स्नेहलच्या अभ्यासाला पाहिजे."

"अभ्यासाला? माजं?" हसायला लागली. "अगं बया! आता चिखलाची बी परीक्षा आली का?"

पण म्हणाली. हात न थांबवता. मी लिहून घेतलं —

गार पान्याच्या वाफ्यात, बोटं रोवली दाही
रोप उभं ऱ्हायलं बाई, मी काय उभी न्हाई

वाकून वाकून माजा, दिस वाकून गेला
सावली इचारी मला, कना कुनाला दिला

भेगाळल्या तळव्यात, माती बसली घर करून
धुतली धुतली न्हाई गेली, पोरीवानी हट्ट धरून

इथं थांबली. शेजारच्या वाफ्यातनं मनकर्णा ओरडली, "चौथी म्हन की!"

"नको गं."

"का नको? वहिनी सगळं लिवून घ्यायला बसल्यात. गानं अर्धं दिलं तर पोरीला मार्क बी अर्धंच मिळत्याल."

मला काय ठाऊक! मीच म्हटलं, "म्हण म्हण छबू. अर्धं नको."

छबूनं माझ्याकडं पाहिलं नाही. रोपाकडं बघत हळू आवाजात म्हणाली —

वहिनीच्या वट्यावर, माजा कप येगळा
हात माजा चाले तिला, व्हटाचा इटाळ सगळा

माझा हात लिहीत होता. 'सगळा'पर्यंत लिहून झालं आणि मग कळलं काय लिहिलंय ते. बायांचे हात थांबलेले. मनकर्णानं पदर तोंडाला लावला होता. मी म्हटलं, "छान आहे."

छान आहे! एवढंच सुचलं. आणि चप्पल हातात घेऊन घरी निघून आले.

घरी येऊन चांगल्या कागदावर उतरवून काढलं. तीन ओव्या. चौथी लिहायला पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. नाहीच लिहिली.

स्नेहल आल्यावर कागद दिला. तिनं उभ्या उभ्या वाचला.

"एवढंच?"

"एवढंच."

"छबूमावशी एवढंच म्हणाली?"

"हो म्हटलं ना!"

तिनं कागदाची घडी घातली आणि पुस्तकात ठेवली. 

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. लक्ष्मीची मांडणी केली, कथा वाचली, पाच फळं ठेवली. हात जोडले तर डोळ्यापुढं कप.

तो कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असतो. मोठा, पांढरा, कानाजवळ चीर गेलेला. छबू आली की स्वतःच काढते, हौदावर धुते, पुढं धरते. मी वरून चहा ओतते. पिऊन झाला की ती पुन्हा धुऊन पालथा घालते. मनकर्णाही आमच्याकडं रोजानंच येते, पण ती आमच्यातली. तिला चहा घरातल्या कपात. यावर कधी कुणी काही बोललं नाही. मी तर मुळीच नाही.

सासूबाईंची रीत, असं मी मनाला सांगत आले. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्यामागं त्यांच्या कितीतरी रीती मी मोडल्या. चूल मोडली, गॅस आणला. पोरीला कॉलेजात घातलं. ही एवढी एकच कशी काय टिकली?

मी छबूला कधी टाकून बोलले नाही. तिच्या दुखण्याखुपण्याला औषध दिलं, लुगडी दिली, तिच्या सुनेच्या बाळंतपणात तूप दिलं. हे सगळं खरं आहे. आणि चौथी ओवीही खरी आहे.

१९ डिसेंबर

छबू नेहमीसारखीच बोलली. मीच तिची नजर चुकवत राहिले.

२१ डिसेंबर, रविवार

स्नेहलला सुट्टी. दुपारी ओट्यावर वही घेऊन बसली. मी गवार मोडत बसले होते. म्हणाली, "आई, तुला मॅट्रिकला मराठीत चांगले मार्क होते ना? चल, मदत कर."

मला बरंच आठवत होतं. मलाच नवल वाटलं! मी म्हटलं, पोरीवानी हट्ट धरून, ही उपमा. सावली विचारते, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, ती चेतनगुणोक्ती. स्नेहल टाळी वाजवून म्हणाली, "वा गं आई!" किती वर्षांनी कुणी मला वा म्हटलं.

मी एक सूचनाही केली. म्हटलं, भाषा जरा शुद्ध करून घे, मॅडम काय म्हणतील. ती म्हणाली, "शुद्ध करायला बसले तर छबूमावशीच त्यातनं निघून जाईल. मग राहील काय? चिखल." हे खरंच होतं.

मग तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. जेवढं लक्षात राहिलं तेवढं लिहून ठेवते.

'पहिल्या ओवीत रोप आणि बाई समोरासमोर उभी केली आहेत. पण वाचताना लक्षात येते की त्यातले एकच उभे आहे. जे लावले ते उभे, जिने लावले ती वाकलेली. सबंध कवितेचा आशय या एका विरोधात आहे.'

'दुसऱ्या ओवीत ती कणा मोडला म्हणत नाही, दुखतो म्हणत नाही. कुणाला दिला, असे सावली विचारते. दिला म्हटले की घेणारा आला. पण घेणाऱ्याचे नाव कवितेत कुठेच नाही.'

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. स्नेहलनं वर पाहिलं. "काय गं?"

"काही नाही. शिरा काढतेय."

मुलीला किती कळतं! आणि जे कळायला हवं ते मीच तिच्यापासून दडवलंय. कशासाठी? माझ्या एका नावासाठी. नावही नाही, नुसतं 'वहिनी'. गावात शंभर वहिनी असतील.

पण बांधावर बसलेली एकच होती.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज ठरवून केलं. दहाच्या चहाला घरातले फुलाफुलाचे कप सगळ्यांसाठी ओट्यावर आणले. मोजून सहा. छबू सवयीनं गोठ्याकडं वळली, तर तिला म्हटलं, "राहू दे गं, हा घे." आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं.

छबूनं कप उलटापालटा करून बघितला. "माजा कुटं गेला वहिनी? फुटला का?"

"नाही, आहे की. पण आजपासून ह्यात घे."

"अवो, ह्यो लईच बारका हाय. दोन घोटात सपला. माज्या कपात गलासभर बसतो." सगळ्या हसल्या. मनकर्णा म्हणाली, "छबे, तुला फुलं मिळाली तर तू पानं मोजती!" परत हसल्या.

छबूनं त्यात चहा घेतला खरा. पण कडेला बसून, घाईघाईनं, कुणाचं उष्टं चोरून प्यावं तसा. मग तो कप धुऊन माझ्या हातात द्यायला आली, तर मध्येच थांबली. ओट्यावर ठेवला आणि मागं सरली. दुपारच्या चहाला आपण होऊन गोठ्यातला काढून आणला. "ह्योच बरा. हाताला वळखीचा हाय."

मी वरून ओतला.

आणि एक लिहायचं राहतंय. ते लिहिल्याशिवाय वही मिटणार नाही. तिनं घेतलेला फुलांचा कप मी घरात आणून पुन्हा धुतला. मग आणखी एकदा धुतला. तिसऱ्यांदा बंबातली राख घेतली तेव्हा हात थांबला. काय करतेय मी? ओवी तर बरोबरच आहे. ओठाचाच विटाळ. हिनं दिवसभर लावलेला कांदा मी देवाच्या नैवेद्याशिवाय सगळ्यात घालणार आहे!

यांना काही सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, तुला नसते उद्योग.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पोथी वाचताना डोळा चुकला, एक ओवी सुटली. पुढच्या पानावर गेल्यावर लक्षात आलं. मागं फिरले, कान धरले, ती ओवी मोठ्यानं म्हटली आणि मग पुढं गेले. माहेरी आजोबांनी शिकवलेलं. एक ओवी गळली तर अध्याय वाया. देव म्हणतो, मला अर्धा का बोलावलास?

हे आठवलं, पोथी मिटून ठेवली आणि तशीच बसून राहिले.

पोथीतली ओवी चुकून सुटली तर मी कान धरते. छबूची जाणूनबुजून गाळली, त्याला काय धरू? तिची ओवी म्हणजे पोथी नव्हे, असं म्हणून बघितलं. पटलं नाही. ओणवं राहून, गार पाण्यात हात घालून म्हटलेली ओवी खालची आणि मी पाटावर बसून वाचलेली वरची, असं देवाच्या घरी थोडंच असेल?

अध्याय अर्धाच राहिला आज.

२८ डिसेंबर, रविवार

रसग्रहण होत आलं. आज 'रचना' वाचून दाखवली. 

ती म्हणते, प्रत्येक ओवीचा पहिला चरण काम सांगतो आणि दुसरा त्या कामाचा जाब विचारतो. खरंच, मी नुसतं ऐकलं होतं, हे दिसलं नव्हतं. मग म्हणाली, "आणि बघ, पहिल्या ओवीत बोटं. दुसऱ्यात कणा. तिसऱ्यात तळवा. म्हणजे एकेक ओवी एकेका अवयवाची आहे. कष्ट अंगात कुठं कुठं शिरलेत ते ती दाखवत जाते. हो ना?"

"हो."

"मग चौथी ओवी असती तर कुठल्या अवयवाची असती गं?"

मी म्हटलं, "पायाची. चिखलात पाय असतातच."

"पायाची..." ती पेन दातात धरून बसली. "मला नाही वाटत. पाय तर पहिल्यापासूनच चिखलात आहेत."

आणि मग तिनं लिहिलं. मी शेजारी बसून अक्षर न् अक्षर बघत होते. 'तळव्यावर ही कविता संपत नाही. बोलता बोलता कुणी आत यावे आणि बोलणाऱ्याने गप्प व्हावे, तशी ती थांबते. ही रचना थांबलेली नाही, थांबवलेली आहे, असे वाटते. न म्हटलेली ओवी म्हटलेल्या तिन्हींपेक्षा मोठ्याने ऐकू येते.'

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"चांगलं झालंय."

सांगायला यापरती वेळ नव्हती. वही समोर, पोरगी समोर, माझ्या वहीत ती ओवी लिहिलेली. दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध तापवलंच नव्हतं.

३१ डिसेंबर

काल स्नेहलनं रसग्रहण देऊन टाकलं. सुटले म्हणावं, तर तसंही वाटत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

वीसपैकी अठरा! आणि मॅडमनी 'थांबवलेली आहे' याच्याखाली लाल रेघ मारून 'उत्तम निरीक्षण' लिहिलंय. मराठी भाषेच्या पंधरवड्यात कॉलेजात कार्यक्रम आहे, चोवीस तारखेला. स्नेहल स्टेजवर तिचं रसग्रहण वाचणार. आणि त्याआधी छबूबाई गाणं म्हणणार! मॅडमनी स्वतः सांगितलंय, ज्यांचं गाणं त्यांना आणाच.

हे तर हरखलेच. "आपल्या रानातलं गाणं माइकवर! आपल्या घराचं नाव निघंल की!"

आपल्या घराचं नाव. हो. निघेल.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटला. छबू आली तेव्हा ओट्याच्या खाली उभी राहिली, ओंजळ पुढं केली. मी वरून टाकला. बोट लागू न देता. इतकं सगळं या वहीत लिहून झाल्यावर! हाताला कसलीच आठवण नसते का?

"ग्वाड बोला वहिनी," म्हणाली.

मी म्हटलं, "कॉलेजात यायचं आहे ना चोवीसला?"

"येते की. पोरीचा सबुद मोडंल व्हय? पन लुगडं कुठलं नेसू?"

त्या गप्पांना थांबले नाही. आत आले. माझ्या डोक्यात एकच, ती चौथीही म्हणणार का? तीनशे पोरं, मास्तर, मॅडम, गावची माणसं, शेजारी हे बसलेले. आणि स्नेहल! तिला तिथं, स्टेजवर, सगळ्यांदेखत कळणार, की आईनं ओवी चोरली आणि आपण त्या चोरीवर अठरा मार्क मिळवले. मॅडम म्हणतील, तू खोटं लिहिलंस. पोरीचा काय दोष?

पोरीचं नाव पुढं करून मी माझीच अब्रू झाकतेय, हेही कळतंय.

१८ जानेवारी, रविवार

छबूच्या घरी गेले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या घरापासून पाच मिनिटं. पिंपळापर्यंत माझा पाय कितीदा गेला असेल, पुढं कधीच नाही. अंगण सारवलेलं, दारात झेंडू, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. भांडी अशी घासलेली की माझ्याकडं नाहीत तशी लखलखीत. मी बघतच राहिले. काय बघायचं ठरवून आले होते मी?

छबू लगबगीनं बाहेर आली. "अगं बया! वहिनी! बसा की." चटई टाकली. मग आत वळली. "पानी आ—" आणि तिथंच थांबली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमाला घाई असंल."

मला तहान लागली होती. उन्हातनं आले होते. 'आण' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं, "हो, घाईच आहे."

मग उभ्यानंच बोलले. म्हटलं, "छबू, चोवीसला तीनच ओव्या म्हण. चौथी नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. आजारी माणसाकडं बघतात तसं.

"मी कुटं म्हननार हुते वहिनी? त्या दिसाला बी मी नकोच म्हनत हुते. तुमीच म्हनला, अर्धं नको."

"तसं नाही, स्नेहलच्या लिखाणात तीनच आहेत ना, म्हणून—"

"ठावं हाय मला." मग हसून, "जा बिनघोर. छबू तीनातच गप बसंल."

परत येताना पिंपळाला टेकले. भीती गेली होती. हलकं वाटत होतं. आणि हलकं वाटतंय याचीच किळस आली.

२४ जानेवारी, शनिवार

कार्यक्रम झाला. छबू मोरपंखी लुगड्यात स्टेजवर. खुर्चीत बसेना. "खुर्चीत बसून वाकायचं गानं कसं म्हनू?" पोरं हसली, टाळ्या पडल्या. खाली बसली, हात चिखलात असल्यासारखे पुढं केले आणि सुरू केलं.  आमच्या वाफ्यात मी तो आवाज कितीतरी वेळा ऐकलाय. असा आजच ऐकला. 'कना कुनाला दिला' म्हणाली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं डोळ्याला पदर लावला.

तीन झाल्या. ती थांबली. पोरं ओरडायला लागली, "अजून! अजून एक!" प्रणिता मॅडम माइकजवळ आल्या, "आजी, याच्या पुढं आहे का हो काही?"

छबूनं माइककडं बघितलं. मग समोर. मला वाटलं, आता!

"हाय," म्हणाली. "पन ती इथं म्हनायची न्हाई."

टाळ्या कडाडल्या. मॅडम म्हणाल्या, "बघा, आपल्या स्नेहलनं हेच ओळखलं होतं." स्नेहल कागद हातात घेऊन उभी. तिनं मान वर केली नाही. वाचतानाही तिचा आवाज 'थांबवलेली आहे' या शब्दांवर जरा अडखळला.

घरी येताना जीपमध्ये छबू पुढं, मी मागं. हे तिला म्हणत होते, "छबूबाई, गाजवलंस!" ती म्हणाली, "गाजवलं तुमच्या पोरीनं. आमी नुस्तं चिखल तुडवला."



२५ जानेवारी

तिनं मला वाचवलं. मी तिला बावीस वर्षांत कशापासून वाचवलं?

२९ जानेवारी, गुरुवार, एकादशी

उपास केलाय. पण उपासानं हे फिटायचं नाही. देवापुढं कबूल करणं सोपं असतं, तो ओट्याखाली उभा नसतो.

ठरवलं. आधी छबूला सांगायचं की ओवी मी गाळली, आणि का गाळली. तिची होती, मला हक्क नव्हता. मग स्नेहलला चौथी द्यायची, तिनं मॅडमना नेऊन द्यावी. अठराचे दहा झाले तरी चालतील. आणि 'वहिनी म्हणजे कोण' असं मॅडमनी विचारलं, तर स्नेहलनं सांगावं.

उद्या खुरपणीला छबू आहे. बांधावर नाही बसायचं. खाली उतरायचं.

३० जानेवारी, शुक्रवार

उतरले. तिच्या शेजारच्या वाफ्यात बसले, लुगड्याला माती लागली. म्हटलं, "छबू, तुझी चौथी ओवी मी स्नेहलला दिलीच नाही. लाज वाटली. माफ कर."

तिचं खुरपं थांबलं.

"माजी कुटली वो वहिनी? माज्या तीनच. चौथी स्नेहलची हाय. सातवीत असंल, ह्याच बांधावर बसून जुळवली आन् मला शिकिवली. म्या म्हनलं, पोरी, आईम्होरं म्हनू नको, मार खाशील. त्या दिसाला तुमी म्हन म्हन करत बसला, तर म्या माज्या नावावर घेतली."

सातवीत. म्हणजे सहा वर्षं.

आणि 'सगळं आण' म्हणून मला बांधावर तिनंच पाठवलं होतं.

आत्ता स्नेहल पलीकडच्या खोलीत वाचत बसलीय. मोठ्यानं. शब्द न् शब्द ऐकू येतोय. मी अजून उठून तिच्याकडं गेलेली नाही.